सातव्या मजल्यावरचं वारं

बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या बाजूला एक जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला. त्याच्या सातव्या मजल्यावर गौरीपूजनाच्या दुपारी लिफ्टपासून चपलांचा ढीग लागतो. आत हॉलमध्ये तेरड्याच्या रोपांना मुखवटा बांधून, साडी नेसवून गौर उभी केलेली असते. पण बायका गौरीकडे पाठ करून बसतात. त्यांची तोंडं असतात पाटाकडे. पाटावर रत्नप्रभा बसलेली असते. केस मोकळे, डोळे उघडे पण कुणाकडेच न बघणारे, आणि अंग मागे-पुढे, मागे-पुढे झुलतंय. ओठ मिटलेले असतात, तरी घशातून एकच सूर अखंड चाललेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा येतो. ज्या वर्षानुवर्षं ऐकताहेत त्यांच्याही येतो, फक्त त्या पदर ओढून घेतात.

मग एकेक जण पुढे सरकून विचारते. "आई, यंदा पोरीचं जमेल ना गं?" जरा वेळ तो सूर थांबतो आणि रत्नप्रभाच्या तोंडून, त्या बाईच्याच हेलात, त्या बाईच्याच दमल्या आवाजात येतं, "जमेल ना गं... जमेल ना..." स्वतःचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बाई डोकं टेकते. जमलं तर नारळ घेऊन येते. नाही जमलं तर आपल्याच हातून काही चुकलं असणार, अशी समजूत काढून पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत. देवीच्या कामात हे एक बरं असतं, चूक कधी देवीची निघत नाही.

बाकीचं वर्षभर ही देवी साड्यांना फॉल लावते. तिच्या थोरल्या भावाला अख्खी बिल्डिंगच भाऊ म्हणते. तो, त्याची बायको किरण, मुलगा हर्षद, सून श्रुतिका आणि नात निधी, एवढ्यांच्या घरात मागच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा रत्नप्रभाचा. कुकर चढला की ती बाल्कनीत जाऊन उभी राहते आणि शेवटची शिट्टी झाली की परत येते. लिफ्टची टिंगटिंग डोक्यात घुसते म्हणून सातही मजले जिन्याने चढते. ब्लाउज उलटा घालते, कारण शिवण टोचते. भात वेगळा, आमटी वेगळी, एकात एक कालवलं की घास घशाखाली उतरत नाही. कुणी न सांगता खांद्यावर हात ठेवला तर चटका बसल्यासारखी मागे सरते. आणि सगळंच फार झालं, की बाथरूममध्ये दिवा न लावता थंडगार टाइल्सना कपाळ टेकून उभी राहते, आतलं पाणी निवळेपर्यंत.

बिल्डिंगमधल्या बायकांनी तिच्या एकेका त्रासाला एकेक मान देऊन टाकला होता. अंगाला हात लावू देत नाही, म्हणजे कडक सोवळं. कालवलेलं खात नाही, म्हणजे व्रत. लिफ्टमध्ये येत नाही, म्हणजे देवीला कोंडलेलं चालत नाही. कुणी विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

हे सुरू झालं ती चौदा-पंधरा वर्षांची असताना. तिचे वडील गुणाजी गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करायचे, इथल्याच जुन्या चाळीत एका खोलीत सगळं बिऱ्हाड. त्या वेळी रत्नप्रभा सगळ्यांच्या लेखी खुळी होती. शाळेने घरी पाठवली होती, घरात मार खायची, चाळीतली पोरं मागून नकला करायची. त्या वर्षी गौरीच्या आरतीला खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टाळ, झांजा, मृदंग, वर कापराचा धूर. ती कान दाबून "बंद करा, बंद करा" म्हणत राहिली. कुणी बंद केलं नाही. मग तिचे शब्दच गेले. उरलं ते झुलणं आणि तो सूर. आतून सूर काढला की बाहेरचा गलका जरा लांब जातो, हे तिला लहानपणीच सापडलं होतं. एक म्हातारी तिच्यापुढे वाकली, हनुवटी धरून म्हणाली, "बाय, कोण तू?" आणि रत्नप्रभाच्या तोंडून म्हातारीच्याच आवाजात आलं, "कोण तू?"

म्हातारी किंचाळली. "देवी विचारता माका, कोण तू!"

त्या दिवसानंतर तिला कुणी मारलं नाही. खुळी म्हणालं नाही. पोरं जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायला लागली. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा देवी म्हणवून घेणं परवडलं, असं त्या वयात तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? लग्नाचा विषय आपोआप मिटला. देवीला मागणी घालायला कोण धजणार!

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. बोलते ती आपणच की दुसरं कुणी? ते शब्द तर तिचे नसायचे. आवाजही तिचा नसायचा. मग तो यायचा कुठून? दुपारी एकटी फॉल लावताना कधीकधी ती सुई थांबवून आत कान देऊन बसायची. आपल्या आत कुणी राहत असेल तर हललं पाहिजे, कूस बदलली पाहिजे, असं तिला वाटायचं. पोटात गुरगुरलं तरी तिचे हात गार पडत.

आणि मग ते ऑपरेशनचं प्रकरण झालं. पुढच्या विंगमधली एक बाई पाटापुढे येऊन रडत म्हणाली होती, "डॉक्टर नवऱ्याला कापायचं म्हणतायत आई, ऑपरेशन करू की नको?" शेवटचं जे कानात राहिलं तेच परत आलं. "नको... नको..." नवरा दिवाळीपर्यंतही राहिला नाही. बाईने रागावण्याऐवजी साडी आणून ओटी भरली. "तू त्याची सुटका केलीस," म्हणाली. रत्नप्रभाने त्या साडीला हात लावला नाही. त्यानंतर कितीतरी महिने ती कुणाच्याच प्रश्नाला उत्तर द्यायची नाही. चहा घेणार का, या प्रश्नालासुद्धा.

निधी झाली आणि घरात पुन्हा हसणं आलं. गोरी-घारी, शांत पोर. जरा जास्तच शांत. नावाने हाक मारली तर वळायची नाही, पण मिक्सर लावला की पलंगाखाली जायची. एकदा भर दुपारी रत्नप्रभा फॉल लावत बसली होती आणि तिला तो सूर ऐकू आला. तिचाच सूर, तीच पट्टी. आपण नकळत सुरू केलं की काय म्हणून तिने ओठांना हात लावून पाहिला. ओठ मिटलेले. घशावर हात ठेवला. घसा गप्प होता. सूर मात्र चालूच होता. ती भिंत धरून उठली आणि बाहेर आली तर हॉलच्या कोपऱ्यात पडद्याकडे तोंड करून ती एवढीशी पोर झुलत होती, मागे-पुढे, मागे-पुढे.

श्रुतिका शिकलेली आणि हट्टी. निधीच्या शाळेतल्या बाईंनी सुचवल्यावर ती तिला बोरीवली पश्चिमेला, अशा मुलांना तपासणाऱ्या एका सेंटरमध्ये न्यायला लागली आणि सोबतीला रत्नप्रभाआत्याला घेऊन जायची. तिथल्या मॅडम तरुण होत्या, हळू बोलायच्या. खोलीत ट्यूबलाइट नव्हती, हे रत्नप्रभाच्या पहिल्यांदा लक्षात आलं. निधी ऑटिस्टिक आहे, असं मॅडमनी सांगितलं आणि त्याचा अर्थ समजावला. आजार नव्हे, घडणच वेगळी. "आपल्या कानांना नको ते आवाज गाळता येतात. हिला येत नाहीत. सगळेच एकदम आत येतात. मग झेपेनासं झालं की शब्द जातात. कधी समोरच्याचेच शब्द, त्याच आवाजात परत येतात."

रत्नप्रभा खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने विचारलं, "तेव्हा आतून दुसरं कुणी बोलत नसतं?"

"दुसरं कोण बोलणार? तीच असते. फक्त दमलेली असते."

रत्नप्रभा आधी हसली. मग तिला रडू फुटलं, असं की श्रुतिका घाबरली. पुढे मॅडमनी तिलाही वेगळं बोलावलं, पुष्कळ विचारलं आणि तिलाही तेच सांगितलं. घरी येताना जिना चढता चढता ती प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणत होती, "कुणी नव्हतं गं. कुणीच नव्हतं. मीच होते." एवढ्या वर्षांत घर रिकामं असल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

यापुढे पाटावर बसणार नाही, असं तिने सांगून टाकलं. घरात मात्र हे कुणाच्या गळी उतरेना. भाऊने पेपर बाजूला ठेवून एकदाच सांगितलं, "डॉक्टराक काय कळता देवाचा?" किरणवहिनीचं दुखणं निराळं होतं. ती वाईट नव्हती. पाटावर बसवल्यानंतर रत्नप्रभाचं न्हाणंमाखणं, केस विंचरणं, लोकांना लांब ठेवणं, सगळं तिनेच केलं होतं. पण देवीची वहिनी म्हणून तिला जो मान होता, तो गेला तर ती कोण उरणार होती? तरी शेवटी ती म्हणाली, "तुका बसाचा नाय ना, बरा. नको बसू. पण ओवाळूक तरी ये गो."

रत्नप्रभाला स्वतःची तेवढी काळजी नव्हती. काळजी होती निधीची. बायका आताच लिफ्टमध्ये पोरीच्या पायांना हात लावायला लागल्या होत्या. "आत्याआजीच्या वळणावर गेलीये," म्हणायच्या, अगदी कौतुकाने. एकीने श्रुतिकाला कानात सांगितलं होतं, "केस कापू नकोस हं हिचे." त्या कौतुकाचा शेवट कुठे होतो हे रत्नप्रभाइतकं कुणाला ठाऊक असणार! मागच्या खोलीत दार लावून तिने श्रुतिकाला सांगितलं, "ही पाटावर बसता कामा नये. एकदा बसवली की उठवत नाहीत."

दोघींनी ठरवलं. सहाव्या मजल्यावरचा ब्लॉक रिकामा होता, त्याची चावी श्रुतिकाने मागून ठेवली. आरती सुरू व्हायच्या आत निधीला आणि आत्याला घेऊन ती खाली जाणार होती. सगळं निवळलं की वर यायचं.

गौरीच्या दिवशी निधी सकाळपासून चिडचिडत होती. घावनं-घाटल्याचा वास, येणारी-जाणारी माणसं, दाराची बेल. दमून ती आतल्या खोलीत झोपली. झोपलेल्या पोरीला उठवावं तर आत्ताच भोंगा सुरू होईल, म्हणून श्रुतिका म्हणाली, "थांबू या जरा, आत्या. अजून वेळ आहे." तेवढ्यात वहिनीची हाक आली, ओवाळायला ये म्हणून. रत्नप्रभाने कानात कापूस घातला आणि बाहेर गेली. पाच मिनिटांचं काम होतं.

पण खालच्या मंडळाची पोरं झांजा घेऊन वेळेआधीच वर चढली. देवीच्या घरी हजेरी लावायची म्हणून मोठ्या हौसेने आली होती बिचारी. जिन्यातून झांजा घुमत आल्या, दार भरलं, हॉल भरला, पन्नास तोंडांतून आरती एकदम उसळली. रत्नप्रभाच्या हातातलं तबक कलंडलं. तिने दाराकडे पाहिलं, दार दिसेना. कापूस कुचकामी होता. आधी समईची ज्योत मोठी झाली, मग माणसांच्या कडा विरघळल्या आणि मग शब्द गेले. कुणीतरी पाट सरकवला. कुणीतरी तिचा अंबाडा सोडला. ती झुलायला लागली आणि सूर सुरू झाला.

आरती संपली. झांजा थांबल्या. सूर तेवढा राहिला.

आणि मग रत्नप्रभाने श्वास घ्यायला सूर तोडला, तरी सूर तुटला नाही.

बायकांनी माना वळवल्या. आतल्या खोलीच्या दारात, झोपेतून उठून आलेली निधी उभी होती. दोन्ही हात कानांवर, डोळे उघडे पण कुणाकडेच न बघणारे, आणि झुलत होती. पाटावरच्या बाईच्या ठेक्यात. एक मागे गेली की दुसरी मागे, एक पुढे की दुसरी पुढे. गौरीच्या मुखवट्याचे रंगवलेले डोळे तेवढे सरळ समोर बघत होते.

"पोरीतपण उतरली," कुणीतरी पुटपुटलं.

"उतरली!" दुसरी ओरडली. "पोरीतपण उतरली!"

रत्नप्रभाने हे ऐकलं. सगळं तिला स्वच्छ ऐकू येत होतं, नेहमीच यायचं. तिने सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं, सोडा तिला म्हणायचं होतं. पण बाहेर आलं ते त्या बाईच्या आवाजात, "उतरली... पोरीतपण उतरली..."

झालं. आता कुणाला काय शंका राहणार! बायका उठल्या. किरणवहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तिने ओलं कुंकू घेऊन नातीचं कपाळ भरलं. निधीला तोंडाला ओलं लागलेलं सोसत नाही. ती किंचाळली. तिच्या केसांची रिबीन सुटली, केस मोकळे झाले, चार हातांनी तिला उचलून पाटाकडे आणलं. श्रुतिका गर्दीत अडकून सासूकडे बघत ओरडत होती, "सोडा तिला! अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय! हात नका लावू!" पण झांजावाल्या पोरांनी पुन्हा झांजा उचलल्या होत्या.

रत्नप्रभा पाटावरून खाली आली. उतरली असं नव्हे, कोसळलीच. गुडघ्यांवर बसून तिने जमिनीच्या टाइल्सना कपाळ लावलं. गार होत्या. लोकांना वाटलं, देवी भुईला नमस्कार करतेय. तिने डोळे मिटून फक्त त्या गारव्याकडे लक्ष दिलं. त्याखेरीज जगात काही नाही असं धरलं. वर पोर किंचाळत होती आणि खाली कपाळ निवत होतं. बऱ्याच वेळाने, खोलवरून, एक शब्द आला. तो तिचा होता.

ती उठून उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली.

झांजा थांबल्या. गौरीच्या दिवशी हा आवाज लोकांनी कधी ऐकला नव्हता. कुणाचीच नक्कल नसलेला, घोगरा, साधा.

"मी रत्नप्रभा आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. "माझ्यात कुणी नाही. कधी नव्हतं. मला आवाज सोसत नाही, म्हणून असं होतं. हिलापण सोसत नाही. हिच्यातपण कुणी नाही. सोडा तिला."

मग पुढची बाई हात जोडून हळूच म्हणाली, "परीक्षा बघतेय आई आपली." आणि सगळ्याच्या सगळ्या बायकांनी एकदम माथा टेकला. पोरीला धरलेले हात मात्र सुटले नाहीत.

रत्नप्रभाने त्या वाकलेल्या पाठी पाहिल्या. खरं बोलून झालं होतं. तिच्याकडे त्याहून जास्त खरं काही नव्हतं. ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती, तिला ते जमायचंच नाही, खोटं बोलायचं म्हटलं की तिची जीभ जड व्हायची. तिने श्रुतिकाकडे पाहिलं. मग निधीकडे. पोरीचं तोंड कुंकवाच्या ओघळांनी लालभडक झालं होतं आणि ओरडून ओरडून आवाज बसला होता.

"बरं," रत्नप्रभा म्हणाली. "मग ऐका. मी आई बोलतेय."

सगळ्यांच्या अंगावर शहारा आला. तिच्याही.

"ह्या पोरीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. हिच्यासमोर टाळ-झांज वाजवायची नाही. हिला काही विचारायचं नाही, हिच्या पायाशी वाकायचं नाही. आज नाही, मोठी झाली तरी नाही. ही माझी नाही. ही तिच्या आईची आहे. जो हे मोडेल, त्याच्या घरात मी येईन आणि जाणार नाही."

पटापट हात सुटले. निधी खाली पडली नाही एवढंच, श्रुतिकाने तिला मधल्या मधे झेललं. बायका भिंतीला चिकटून मागे सरकल्या, पोरीची सावलीसुद्धा अंगावर पडू नये अशा. झांजावाली पोरं जिन्यात पळाली होती.

"तिला खाली ने," रत्नप्रभा श्रुतिकाला म्हणाली. "पाण्याने तोंड पुसू नको, कोरड्या फडक्याने पूस."

"तुम्ही पण चला, आत्या. ठरलं होतं आपलं."

"मी आता कशी येऊ?"

श्रुतिकाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला समजलं, पाट रिकामा राहिला तर सगळ्या पुन्हा पोरीकडेच वळतील. ती रडत रडत पोरीला छातीशी धरून बाहेर पडली. दार लागलं. सहाव्या मजल्यापर्यंत निधीचा तो सूर उतरत गेलेला रत्नप्रभाने ऐकला आणि तो थांबला तेव्हा तिचे खांदे सैल झाले.

किरणवहिनी दबकत पुढे आली. तिने नणंदेचे केस मागे सारले, अंगाला बोट लागणार नाही याची काळजी घेत, आणि विचारलं, "आई... पुढल्या वर्षी येशील ना गो?"

शब्द परत येण्याची वाट सगळ्या बघत होत्या. पण आज शब्द परत येणार नव्हते. आज उत्तर द्यावं लागणार होतं, आणि यापुढे दरवर्षी.

"येईन," रत्नप्रभा म्हणाली. "मीच येईन. दुसऱ्या कुणाकडे बघू नका."

मग तिने पाट जवळ ओढला, त्यावर बसली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाली, "हं, विचार."